मनोरीची हरकत

साष्टी इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीच्या अंधेरीच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर शेअर विभाग होता, आणि शेअर विभागात सागवानी खणांचं एक जुनं कपाट होतं. कपाटाची किल्ली सहदेव घाडींच्या करगोट्याला बांधलेली असते, असं कचेरीत गमतीनं म्हणत. तशी ती नव्हती. पण घाडी रजेवर असले की कपाट उघडत नसे, एवढं खरं.

त्या खणांत भागधारकांच्या सह्यांची कार्डं होती. कंपनीचा एक शेअर घेणाऱ्याचं एक कार्ड, हजार घेणाऱ्याचंही एकच. भागधारकाचं कुठलंही पत्र आलं की त्यावरची सही कार्डावरच्या सहीशी ताडून बघायची. जुळली तर पत्र पुढे, नाही जुळली तर परत. एकतीस वर्षं घाडींनी हेच काम केलं. माणसं त्यांनी फारशी पाहिली नाहीत, पण सह्या ओळखीच्या झाल्या होत्या. मुलुंडच्या एका वकिलाची सही वर्षागणिक खाली घसरत चालली होती. घाटकोपरची एक बाई विधवा झाल्यापासून नवऱ्याचं नाव फार हलक्या हातानं लिहीत होती. एरवी घाडी घरी मोजकंच बोलत; सह्यांचा विषय निघाला की मात्र थांबत नसत. मग त्यांची बायको प्रेमा ताटं उचलता उचलता म्हणे, "पुरे आता. तुमची माणसं सगळी कागदावरची. आम्ही दोघी इथं हाडामासाच्या बसलोय, त्याचं काय?"

दोघी म्हणजे ती आणि मुलगी अनुपमा. अनुपमा बी.कॉम. होऊन, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा देऊन, अडीच वर्षं कांदिवलीच्या घरात बसून होती. कंपनीत निवृत्त होणाऱ्याच्या एका मुलाला किंवा मुलीला नोकरी देण्याची पद्धत होती. नियम नव्हता, पद्धत होती. घाडींची निवृत्ती सहा महिन्यांवर आली होती आणि अनुपमाचा अर्ज कंपनीचे सेक्रेटरी विद्याधर रेगे यांच्या टेबलावर होता.

एकोणीसशे शहाऐंशीची गोष्ट. त्या दिवाळीच्या सुमारास संचालक मंडळानं कंपनीचे एक तृतीयांश शेअर एका पेढीला खाजगीत विकायचं ठरवलं. बाजारात न नेता, बंद खोलीत, आधीच ठरलेल्या भावानं. पण वीज कंपनी म्हणजे काही वाण्याचं दुकान नव्हे. ती सरकारी लायसनवर चालते, आणि साष्टीच्या लायसनात एक कलम होतं. एवढा मोठा वाटा खाजगीत एका हाती जाणार असेल तर सरकारची मंजुरी हवी. मंजुरीआधी प्रत्येक भागधारकाला टपालानं नोटीस द्यायची आणि हरकतीसाठी तीस दिवस थांबायचं. एका जरी भागधारकाची वैध हरकत आली, तर सरकारी अधिकाऱ्यानं स्वतः येऊन उघड सुनावणी घ्यायची, आणि हरकतीत तथ्य दिसलं तर मंजुरीत तशी अट घालायची. एकही हरकत नसेल तर मंजुरी टेबलावरच्या टेबलावर. हरकत आली की नाही, याचा दाखला कंपनीच्या शेअर विभागानं द्यायचा. म्हणजे घाडींनी.

दहा नोव्हेंबरला नोटिसा गेल्या. मुदत दहा डिसेंबरला संपत होती. पहिल्या तीन आठवड्यांत चार पत्रं आली. दोघांनी लाभांश वाढवा म्हणून लिहिलं, एकानं बोरिवलीला संध्याकाळचे दिवे जातात म्हणून तक्रार केली, आणि एका निवृत्त हेडमास्तरांनी नोटिशीतल्या इंग्रजीच्या तीन चुका लाल शाईनं दुरुस्त करून नोटीस परत पाठवली. हरकत कुणाचीच नव्हती.

रेगे रोज जाता येता दारातून विचारत, "काय घाडी, आलं का वादळ?"

"नाही साहेब."

"यायचं नाही. बटण दाबलं की दिवा लागतो ना, मग झालं. बटणाच्या पलीकडे कोण बसलाय, हे विचारतंय कोण?"

एक डिसेंबरला, सोमवारी, दुपारी बाराच्या सुमारास दोन कोळणी जिना चढून वर आल्या. एक दारातच दोघींच्या रिकाम्या पाट्या सांभाळत उभी राहिली. दुसरी सरळ खिडकीशी आली.

"शेअरचा सायब कोन?"

"मीच. बसा."

"बसायला वेल नाय. होडी जाल. हा घे कागद. मी मनोरीची पुतळाबाय. ती दारात हाय ती सोनूबाय. ती बोलत नाय, पन समदं बगते."

कागद शाळेच्या वहीतला होता. अक्षर मास्तराचं होतं. घाडींनी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीलाच त्यांच्या ध्यानात आलं, की ही फाईल आपल्याला पाठ आहे.

एकोणीसशे एक्कावन्न साली कंपनीनं खाडीपलीकडे मनोरीला वीज न्यायची ठरवली, तेव्हा यंत्रं बसवायला उंचवट्याची, भरतीचं पाणी न चढणारी जागा हवी होती. तशी जागा गावात एकच होती, आणि तिथं बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या. अकरा घरांची जागा. कंपनीजवळ तेव्हा रोख पैसा नव्हता, म्हणून जागेच्या बदल्यात अकरा घरांना शेअर दिले. कोळ्यांच्या घरात दर्या पुरुषाचा आणि व्यवहार बाईचा. मासळी विकायची बाईनं, पैसा ठेवायचा बाईनं. तेव्हा पुरुष म्हणाले, हे कागद बायकांच्याच नावे करा. त्यातल्या काही जणी तर नव्यानं लग्न होऊन आलेल्या, पंधरा-सोळा वर्षांच्या. शेअरबरोबर कंपनीच्या तेव्हाच्या इंजिनिअरनं एक पत्रही दिलं होतं: काम संपल्यावर जागा मनोरीकरांना परत मिळेल. त्याची प्रत घाडींच्या फायलीत होती. काम संपूनही आता चार वर्षं झाली होती. यंत्रं दुसरीकडे हलवली होती. तारेचं कुंपण मोडलं होतं आणि बायकांनी आत पुन्हा वलांड्या रोवल्या होत्या. पण कागदावर जागा कंपनीची होती, आणि शेअर घेणाऱ्या पेढीचा मुख्य धंदा समुद्रकाठचे बंगले बांधण्याचा होता.

"आमाला कंपनी नको," पुतळाबाई म्हणाली. "तुमचा तो सरकारी कागद निघल ना, त्यात एक ओळ पायजे. जागा मनोरीच्या बायकांची, काम झाला का परत. एक ओळ. मास्तर बोलला, हरकत लिवा, मग सायब येल, समद्यांसमोर इचारल. तवा आमी ती चिठ्ठी दाखवू."

"बरोबर सांगितलं मास्तरांनी," घाडी म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं.

मागे अकरा सह्या होत्या. एकही सही दुसरीसारखी नव्हती. एकीनं पाटीवर लिहावं तसं प्रत्येक अक्षर सुटं, ठसठशीत काढलं होतं. एकीची शिरोरेघ शेवटच्या अक्षराच्या पुढेही बोटभर गेली होती.

"दुसरी माजी," पुतळाबाईनं खिडकीतून हात घालून बोट ठेवलं. "तो ळ बग. म्हयना लागला मना त्या ळ ला. मास्तरनं रातचा वर्ग काडलाय ना चार सालांमागं. पयले आमचं दादले हसत. आता होडीची पावती आमालाच वाचाया देतात."

घाडींना मनापासून आनंद झाला. सह्यांवरच आयुष्य काढलेला माणूस तो. "सुंदर आहे," ते म्हणाले. "आमच्या मुलीलासुद्धा असा ळ येत नाही."

"तुजी पोर शाळंत गेली आसंल, म्हनून," पुतळाबाई म्हणाली, आणि दारातली सोनूबाई प्रथमच हसली.

घाडींनी पत्रावर आवकेचा शिक्का मारला, तारीख उठली, आणि दोघी होडी गाठायला खाली उतरल्या. एरवी माणूस समोर असतानाच खण उघडून सही ताडायची त्यांची रीत होती. त्या दिवशी त्यांनी खण उघडला नाही. का उघडला नाही, याला काही कारण नव्हतं. ते खुशीत होते, एवढंच.

जेवणानंतर त्यांनी कार्डं काढली. अकरा कार्डं, आणि अकरांवर अकरा अंगठे. काळपट निळ्या शाईचे, शेजारी तेव्हाच्या कारकुनानं लिहिलेली नावं. घाडी बराच वेळ ते बघत बसले. तासाभरापूर्वी ती बाई खिडकीत उभी होती. पॅड समोर होतं. मावशी, एक अंगठाही देऊन ठेवा, म्हटलं असतं तर काम तिथंच संपत होतं.

मंगळवारी सकाळी ते पत्र आणि कार्डं घेऊन रेग्यांकडे गेले. रेग्यांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी सावकाश.

"सह्या जुळतात?"

"कार्डावर अंगठे आहेत साहेब. तेव्हा त्यांना लिहिता येत नव्हतं. आता येतं."

"म्हणजे जुळत नाहीत."

"माणसं तीच आहेत. पुतळाबाई स्वतः आल्या होत्या काल."

"घाडी, एकतीस वर्षं तुम्ही लोकांना काय सांगत आलात? आम्ही माणूस बघत नाही, कार्ड बघतो. माझ्या सख्ख्या मेव्हण्याचं पत्र परत पाठवलंत तुम्ही. का, तर सहीखाली रेघ नव्हती. घरात मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत. आता कोळणींसाठी वेगळा नियम काढायचा?"

ते खरं होतं. मेव्हण्याची गोष्ट घाडींनी तेव्हा घरी अभिमानानं सांगितली होती.

"वेगळा नियम नको साहेब. पण आठ दिवस आहेत. कळवलं तर येऊन अंगठा देतील. सगळ्यांनी यायलाही नको. एकीचा पुरे."

"मग कळवा ना. मी कुठे नको म्हणतोय? मसुदा करा आणि पाठवा माझ्याकडे."

मसुदा अर्ध्या तासात गेला. बुधवारी तो परत आला नाही. गुरुवारी घाडी रेग्यांच्या केबिनच्या दारात जाऊन उभे राहिले.

"ते मनोरीचं पत्र, साहेब."

"आहे इथंच. वाचतो. अहो, बरी आठवण झाली, अनुपमाचा अर्ज बघितला मी. टायपिंग झकास आहे हो मुलीचं. स्टाफच्या मुलांच्या जागा या महिन्याअखेर भरून टाकाव्यात म्हणतोय. नवीन मंडळी आली की ही पद्धत राहते, न राहते. काय?"

"हो साहेब."

"झालं तर मग."

एवढंच बोलणं झालं. रेग्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, घरच्या माणसाची चौकशी करावी तसा. त्यांनी धमकी दिली असती तर घाडींना कदाचित सोपं गेलं असतं. धमकीला निदान नाही म्हणता येतं.

पत्रावर शुक्रवारी संध्याकाळी सही झाली. शनिवारी ते निघालं.

"रजिस्टर करू का, साहेब?"

"नियमात आहे का रजिस्टर? नोटिसा साध्या गेल्या, हेही साधंच जाईल."

मनोरीची टपालाची पिशवी आठवड्यातून दोनदा होडीनं जाते, बुधवारी आणि शनिवारी, हे घाडींना माहीत होतं. शनिवारची पिशवी सकाळीच गेली असणार. म्हणजे आता थेट बुधवार. बुधवारी दहा तारीख.

रविवारी त्यांनी प्रेमाला सांगितलं की मालाडला एका जुन्या सोबत्याला भेटून येतो.

"आज? आणि छत्री कशाला डिसेंबरात?"

"ऊन लागतं."

मालाडहून बस धरून ते मार्व्याच्या धक्क्यावर उतरले तेव्हा अकरा वाजून गेले होते. ओहोटी लागत होती. होडी किनाऱ्याला टेकून उभी होती आणि नावाडी माणसं भरायची वाट बघत बिडी ओढत होता. सहलीला निघालेली चार पोरं होती, एक पाद्री होता, आणि बाजार आटोपून परत चाललेल्या सात-आठ कोळणी होत्या. त्यांत सोनूबाई होती. घाडींनी तिला लगेच ओळखलं. ती उंच होती, आणि आजही दोन पाट्या तिच्याच हातात होत्या.

वीस पावलांचं अंतर होतं. बसमध्ये त्यांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं. उद्या तुमच्यापैकी कुणीतरी एकीनं कचेरीत या आणि अंगठा देऊन जा. एवढंच. त्यासाठी होडीत बसायचीही गरज नव्हती. पुढचं सगळं आपोआप झालं असतं: सुनावणी, ती जुनी चिठ्ठी, सरकारी कागदातली एक ओळ.

घाडी उभे राहिले. त्यांच्या मनात आलं, हे रेग्यांच्या कानावर गेलं तर? कंपनीचा नोकर, आणि कंपनीच्या विरुद्धची हरकत गोळा करत धक्क्यावर हिंडतो. मग अनुपमाचा अर्ज. मग त्यांच्या मनात आलं, की पत्र निघालं आहेच, पोचेलच, आपण कशाला मध्ये पडायचं? आणि त्याच्याही खाली आणखी एक अगदी साधी गोष्ट होती. भर धक्क्यावर, इतक्या माणसांत, बायकांच्या घोळक्याजवळ जाऊन तोंड उघडायचं त्यांच्यानं होईना. आयुष्यभर ते खिडकीच्या आत बसून बोलले होते. यातलं खरं कारण कोणतं, हे त्यांना पुढेही कधी नक्की ठरवता आलं नाही. तीनही खरी असावीत, आणि शेवटचं सगळ्यांत लाजिरवाणं.

सोनूबाईनं मान वळवली. घाडींनी छत्री उघडली.

छत्री खाली केली तेव्हा होडी पाण्यात गेली होती. येताना त्यांनी मालाडच्या बाजारातून डझनभर पेरू घेतले. प्रेमानं सोबत्याची तब्येत विचारली आणि त्यांनी बरी आहे म्हणून सांगितलं.

बुधवारी खिडकी साडेपाचला बंद व्हायची. घाडी सहापर्यंत बसले. जिन्यावर पाऊल वाजलं की वर बघत. कुणी आलं नाही.

गुरुवारी सकाळी ते कचेरीत पोचले तेव्हा दोघी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेल्या होत्या. पहिल्याच होडीनं आल्या असाव्यात. पाट्या आज नव्हत्या. पुतळाबाईनं कमरेची पिशवी सोडून कागद काढला. अकरा अंगठे होते, एकाखाली एक.

"काल दुपारी आला तुजा कागद," ती म्हणाली. "तवा पानी उतरला होता. होडी चिखलात. आमी समद्यांचं आंगठं घेऊन ठेवलं, आन सकालीच निगालो. घे, मार शिक्का."

"मुदत काल संपली, पुतळाबाई."

"ठावं हाय. कालची तारीक टाक."

शिक्का घाडींच्या हाताशीच होता. तारखेची रबरी चाकं त्यांनी अजून फिरवली नव्हती. शिक्क्यावर अजून दहा तारीखच होती. खरं तर काही बदलायचंच नव्हतं. आहे तसा मारायचा होता. खोलीत दुसरं कुणी आलेलं नव्हतं.

"तसं होत नाही," ते म्हणाले.

"व्हत नाय, का तू करत नाय?"

"मी करत नाही," घाडी म्हणाले.

पुतळाबाईनं मान हलवली. हे उत्तर तिला निदान समजलं होतं.

"रयवारी मारव्याला तूच व्हतास," सोनूबाई म्हणाली. तिचा आवाज घाडींनी पहिल्यांदाच ऐकला. तो अगदी मऊ होता. "मी हात केला तुला. मना वाटला आमच्याकडंच आलाय. तू छत्री उगडलीस."

"ऊन होतं," घाडी म्हणाले.

बोलून गेल्यावर शब्द मागे घेता येईनात.

"मना एक दाखव," पुतळाबाई म्हणाली. "ते तुजं कारड. आमचा आंगठा."

त्यांनी खण उघडून कार्ड काढलं आणि खिडकीतून दिलं. तिनं ते उजेडाकडे धरलं, मग आपला अंगठा त्याच्या शेजारी धरून बघितला. पस्तीस वर्षं मासळी कापून अंगठ्याच्या रेघा जवळजवळ पुसून गेल्या होत्या.

"ह्यावरनं कसा वळखतोस, मीच ती म्हनून?"

"ओळखत नाही," घाडी म्हणाले. आता खोटं बोलण्यात काही उरलं नव्हतं. "अंगठा वाचता येणारं इथं कुणी नाही. अंगठ्याच्या ठिकाणी अंगठा आहे, एवढंच बघतो."

"म्हंजे माज्या जागी हिचा चालला आसता. नायतर नावाड्याचा."

"चालला असता."

पुतळाबाईनं कार्ड परत केलं. ती चिडेल, शिव्या देईल, अशी घाडींची अपेक्षा होती; खरं तर इच्छा होती. पण ती सोनूबाईकडे वळून म्हणाली, "मास्तरला नको सांगू हां ह्यो. उगाच त्याच्या जिवाला लागंल."

आणि दोघी जिना उतरून गेल्या. अंगठ्यांचा कागद खिडकीच्या फळीवरच राहिला. घाडींनी शिक्क्याची चाकं फिरवून अकरा तारीख केली, कागदावर मारली, आणि त्याखाली लिहिलं: मुदतीनंतर प्राप्त.

दाखला दुपारी टाइप होऊन आला. इंग्रजीत, चार ओळींचा. नोटिशीनंतर तीस दिवसांत एकाही नोंदणीकृत भागधारकाची वैध हरकत प्राप्त झाली नाही. घाडींनी तो वाचला. त्यात खोटं काहीच नव्हतं. एखादी खोटी ओळ सापडावी, म्हणून त्यांनी तो पुन्हा वाचला, आणि मग सही केली. त्यांची सही एकतीस वर्षांत बदलली नव्हती. त्या दिवशीही नाही बदलली.

रेग्यांनी शाई वाळेपर्यंत दाखला हातात धरला. "वैध हा शब्द बरा आहे, नाही? तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस असला की आम्हाला घोर नसतो बघा, घाडी."

जानेवारीत मंजुरी आली. तिला एकही अट नव्हती. फेब्रुवारीत अनुपमाला नेमणुकीचं पत्र आलं. प्रेमानं चाळीत पेढे वाटले, आणि जी ती शेजारीण म्हणाली की घाडींच्या सचोटीचं फळ आहे हे. मे महिन्यात घाडी निवृत्त झाले. कपाटाची किल्ली त्यांनी पाकिटात घालून रेग्यांच्या टेबलावर ठेवली. निरोप समारंभात सगळे भाषण करा म्हणाले, तेव्हा ते उभे राहून आभारी आहे म्हणाले आणि खाली बसले. सगळ्यांना वाटलं, लाजरा माणूस आहे.

प्रेमाशी ते एकदाच या विषयावर बोलले, तेही आडून. एखाद्याला वेळेवर सांगितलं असतं तर त्याचं काम झालं असतं आणि आपण सांगितलं नाही, तर तो दोष कुणाचा, असं त्यांनी विचारलं.

"सांगायचा नियम होता?" प्रेमानं विचारलं.

"नाही."

"मग झालं. तुम्ही ना, नसती खाज काढत बसता."

पुढल्या वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी दुपारी तिघं जेवायला बसली होती. अनुपमा आता बऱ्यापैकी रुळली होती. कचेरीतल्या गमती सांगायची तिला हौस होती, आणि प्रेमाला ऐकायची.

"बाबा, मनोरी कुठे आली हो?"

"मार्व्याहून होडी लागते."

"तुम्ही गेलाय?"

"धक्क्यापर्यंत."

"काल ठराव टाइप केला मी. तिथं कंपनीची पडीक जागा आहे ना समुद्रावर, तिथं बंगले होतायत सुट्टीत राहायला. दोन खोल्या स्टाफसाठी ठेवल्यात, रिटायर झालेल्यांनाही मिळणार. मी यादीत आपलं नाव पहिलंच घालून ठेवलंय. मे महिन्यात जाऊ या."

"ताजे मासे मिळतील," प्रेमा म्हणाली.

"अगं, मिळतील काय! समोर कोळीवाडाच आहे. पण रेगे साहेब म्हणत होते, त्या कोळणी आमच्या जागेत बोंबील वाळत घालतात, वास मारतो, त्यांना आधी हलवायला लागणार. नोटीसही मीच टाइप केली. अकरा जणींना. तीस दिवसांची."

"पडीक नव्हती ती," घाडी म्हणाले.

पण ते हलकेच म्हणाले, आणि तोवर अनुपमा हात धुवायला उठून मोरीत गेली होती. नळ सोडल्याचा आवाज आला. प्रेमानं भाताचं पातेलं पुढे ओढलं आणि वाढू का म्हणून विचारलं. घाडींनी ताट पुढे केलं.